“परत ग्रुपमध्ये घ्यावं म्हणून मी काय करू?”

साताऱ्याजवळच्या एका गावातून रोज एसटीने शहरातल्या शाळेत येणाऱ्या नववीतल्या मुलीचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. सातवीपासून चौघींचा ग्रुप, त्यातली एक हिची बेस्टी. गणपतीनंतर काहीतरी फिरलं. चौघींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी काही टाकेना, मग कळलं की हिला सोडून तिघींनी दुसराच ग्रुप काढलाय. मधल्या सुट्टीत ही डबा घेऊन गेली की "इथे जागा नाहीये". ही "व्हय" म्हणाली की तिघी एका सुरात "व्हय व्हय", आणि डोळ्यांत पाणी आलं की "अगं मस्करी होती, तू लईच सेन्सिटिव्ह आहेस". उन्हाळ्याच्या सुट्टीत हिने बेस्टीला एक व्हॉइस नोट पाठवली होती, क्लासमधला एक मुलगा आवडतो म्हणून. त्याच्याशी ही कधी बोललेलीसुद्धा नाही. ती नोट आता तिघींकडे आहे आणि बेस्टी मधूनमधून विचारते, "तुझ्या मम्मीला पाठवू का?" घरी कळलं तर क्लास बंद होईल, या भीतीने घरी काही सांगितलेलं नाही. तीच बेस्टी स्टँडवर एकटी भेटली की गळ्यात पडते. शिवाय गेल्या वर्षी याच चौघींनी एसटीतल्या एका मुलीला तेल चोपडलेल्या वेण्यांवरून चिडवून रडवलं होतं, तेव्हा हीसुद्धा हसली होती. हिने तीन मार्ग विचारलेत: माफी मागून परत ग्रुपमध्ये जाऊ, शाळा बदलू, का बेस्टीच्या घरातली जी गोष्ट मला माहितीय ती सगळ्यांना सांगून टाकू? आणि डिसेंबरात सहल आहे, जाऊ की नको?

अगं, तुझ्या पत्रात "माझं काय चुकलं" हे पाच वेळा आलंय, मोजलं मी. त्यांचं काय चुकलं हे एकदाही नाही. म्हणून तिथूनच सुरू करते.

मस्करी असली की दोघी हसतात, तुझ्या पत्रात तिघी हसतायत आणि एक बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येतेय. डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात स्वीडन-नॉर्वेच्या शाळांमध्ये या विषयावर खूप काम केलं, त्याने मस्करी आणि छळ वेगळा ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. आता तुझंच बघ. गणपतीपासून रोज चाललंय, डब्याची जागा मुद्दाम अडवली जातेय, आणि त्या तिघी आहेत, तू एक आहेस, वर तुझी व्हॉइस नोट त्यांच्या हातात. कुणी मारलं नाही, केस ओढले नाहीत म्हणून हे कमी होत नाही. अमेरिकेत १९९५ साली निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या दोघींनी या प्रकाराला रिलेशनल अॅग्रेशन असं नाव दिलं, म्हणजे समोरच्याला दुखवायला मैत्रीच वापरायची, बोलणं बंद करायचं, गुपित फोडायचं, "तिच्याशी बोललीस तर आम्ही तुझ्याशी बोलणार नाही" असं करायचं. आपल्याकडे यावर पटकन म्हणतात, मुलींचं असंच असतं, आज भांडतात उद्या एकत्र. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. एक तर मुलंसुद्धा हे करतात, आणि दुसरं, या एका वाक्यामुळे कितीतरी मुलींचं ऐकूनच घेतलं जात नाही.

आणि ते सेन्सिटिव्हचं. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्यात माणसांना कॉम्प्युटरवर चेंडू टाकाटाकीचा साधा खेळ खेळायला लावला, थोड्या वेळाने बाकीचे दोघं आपसातच चेंडू टाकायला लागले, याला देईचनात. तेवढ्यानेसुद्धा मेंदूतला जो भाग शरीराला लागल्यावर जागा होतो तसलाच भाग जागा झालेला दिसला. ते दोघं तर अनोळखी होते, खेळही खोटा होता. तुझ्या बाबतीत सातवीपासूनच्या मैत्रिणी आहेत आणि रोजचा बाक आहे, मग तुला लागणारच की गं! त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, परत कशी जाऊ. मी आठवीत असताना हाच प्रश्न मला पडला होता, इथेच साताऱ्यात. ग्रुपमधली पुढारी मुलगी अचानक बोलायची बंद झाली, कारण आजपर्यंत कळलेलं नाही. मी काय काय केलं सांगू, तिची भूगोलाची अख्खी वही नकाशांसकट उतरवून दिली, वाढदिवसाला साठवलेल्या पैशातून मोती चौकातून कंदी पेढे नेऊन दिले. तिने मला परत ग्रुपमध्ये घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरीच एक मुलगी बाहेर होती आणि मी आत, आणि आत राहता यावं म्हणून त्या बाहेरच्या मुलीवर मीच सगळ्यात मोठ्याने हसत होते, ते आठवलं की अजून मान खाली जाते. फेब्रुवारीत परत माझा नंबर आला. तेव्हा मला वाटायचं की मी अजून चांगली वागले असते तर टिकले असते. आता कळतं की त्या ग्रुपला कायम कुणीतरी बाहेर लागायचंच, त्याशिवाय आतल्यांना आपण एकत्र आहोत असं वाटायचंच नाही. तुझ्याच पत्रात बघ, गेल्या वर्षी ती जागा एसटीतल्या मुलीची होती, या वर्षी तुझी आहे. तू माफी मागितलीस तर कदाचित घेतीलही परत, पण मग तिथे तुला काय करावं लागेल आणि त्यानंतर कुणाचा नंबर लागेल, याचा विचार कर. शिवाय माफी कशाची मागणार तू? तुझी चूक काय हे तुलाच सापडलेलं नाही.

तुला जास्त गोंधळात टाकतंय ते बेस्टीचं दोन तऱ्हेचं वागणं. ती वाईट आहे का चांगली, असं तू विचारलंयस. मला वाटतं स्टँडवर ती गळ्यात पडते ते नाटक नसेलही, तू तिला खरंच आवडत असशील. पण दुसऱ्या दोघी आल्या की तिला स्वतःची जागा जायची भीती वाटते आणि त्या भीतीत ती तुला पुढे ढकलते. हे समजून घे, तिचा राग राग नको करू. पण समजून घेतलं म्हणजे परत सगळं सांगायला लागायचं असं नाही. गोड बोलली तर गोड बोल, एसटीची वाट बघत चार गप्पा मार, फक्त घरचं, मनातलं, कुणाबद्दलचं काहीही तिच्याजवळ बोलू नकोस, आणि व्हॉइस नोट तर नाहीच नाही. मैत्रीण म्हणून मी एकच बघते, चारचौघांत ती आपल्याशी कशी वागते. एकांतात कुणीही चांगलं वागतं.

तिच्या घरातली जी गोष्ट तुला माहितीय, ती तू मलासुद्धा लिहिली नाहीस, नुसतं "एक गोष्ट" म्हणालीस. इतकी चिडलेली असताना. म्हणजे ती फोडणं तुझ्या स्वभावात नाही, तर नकोच करूस. तुझ्या व्हॉइस नोटने तुला जसं झालं तसंच तिला होईल, आणि त्यात तिच्या आईवडिलांचं काही असेल तर ज्यांचा यात काही संबंध नाही त्यांचीही शोभा होईल. शिवाय त्यानंतर बाईंकडे गेलीस तर बाई म्हणतील दोघींनीही केलंय, मिटवा आता.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती व्हॉइस नोटची, म्हणजे त्यात काय आहे याची नाही, त्यावरून तुला जे धमकावलं जातंय त्याची. "मम्मीला पाठवू का" या प्रश्नात जोर कुठून येतो? मम्मीला माहीत नाही, यातून. मम्मीला माहीत झालं की संपलं. म्हणून माझं म्हणणं असं की तूच सांग आधी. घाबरलीस ना वाचून? थांब, पूर्ण वाच.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असते ना, ती वेळ बघ. हात पिठात असतात, नजर तव्यावर असते, ती तुझ्याकडे टक लावून बघत नसते, अशा वेळी अवघड गोष्ट बोलायला सोपी जाते. परातीशेजारी बस आणि आधी त्रासाचं सांग, मुलाचं नंतर. काहीसं असं म्हण: "मम्मी, शाळेत तीन मुली मला लई त्रास देतायत, डबा खायला बसू देत नाहीत. माझी एक गोष्ट त्यांच्याकडे हाय आणि ती तुला सांगीन म्हणून भीती घालतात. त्यांच्याकडून ऐकायच्या आधी माझ्याकडून ऐक. क्लासमधला एक मुलगा मला चांगला वाटला होता, मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, नुसतं मैत्रिणीला सांगितलं. रागव पायजे तर, पण क्लास बंद करू नको." एवढंच. ती रागावेल, कदाचित भाकरी करपेल, दोन दिवस घुम्यासारखी वागेल. पण तुझ्या पत्रात तीच आई पहाटे उठून तुझ्या एसटीसाठी डबा करते असंही आलंय, त्यामुळे मला तिच्याबद्दल आशा वाटते. मात्र घरात कुणी मारझोड करणारं असेल, किंवा हे ऐकून तुझी शाळाच सोडवतील असं तुला अगदी नक्की वाटत असेल, तर घाई नको. आधी आत्या, मावशी, मोठी चुलत बहीण, जिचं आई ऐकते तिला सांग, किंवा शाळेतल्या बाईंना सांग आणि त्यांना आईशी बोलायला लाव.

आईला सांगून झालं की पुढच्या वेळी बेस्टी विचारेल तेव्हा फक्त म्हणायचं, "पाठव की, मम्मीला माहितीय", आणि वही उघडायची. खरंच सांगितल्यावरच म्हण हां, आधी नको, खोटं बोललं की आवाजात कळतं.

हे वाचणाऱ्या आयांना इथेच सांगते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी आवडणं हे वयाचंच आहे, आणि ती स्वतः येऊन सांगते म्हणजे तिने तुमच्यावर केवढा मोठा विश्वास टाकलाय. तेव्हा क्लास बंद केला, फोन काढून घेतला, तर पोरगी एवढंच शिकते की घरी सांगितलं की शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी याहून मोठं काही झालं तर ती गप्प बसेल. दुसऱ्या मुलीच्या आईला लगेच फोन लावून भांडूही नका, उद्या वर्गात त्याचा वचपा तुमच्याच मुलीवर निघतो. "दुर्लक्ष कर" हे तर म्हणूच नका, ती इतके दिवस दुर्लक्षच करत होती. डबा तसाच परत येतोय का, सोमवारी सकाळीच पोट दुखतंय का, एसटी चुकल्याचं कारण वारंवार येतंय का, हे बघा, आणि शाळेत जायचं तर शांतपणे जा.

शाळेत कसं सांगायचं हेसुद्धा महत्त्वाचं. "मला त्रास देतात" असं म्हटलं की बाईंना त्यात धरायला काही सापडत नाही. वहीच्या मागच्या पानावर आजपासून लिहायला लाग, तारीख, कुठे, कोण काय म्हणालं, कोण बघत होतं. मेसेज असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेव, रागाने डिलीट करू नकोस. दहा-बारा दिवसांचं झालं की ज्या बाई तुला बऱ्या वाटतात त्यांना, मग त्या वर्गशिक्षिका नसल्या तरी चालतील, सुट्टीत स्टाफरूमबाहेर एकटं गाठ आणि तोच कागद दे. आणि तुला काय हवंय ते तूच सांग: बाकाची जागा बदलून द्या, प्रॅक्टिकलचा आणि प्रोजेक्टचा ग्रुप तुम्हीच पाडा, मुलींना निवडायला लावू नका, आणि कृपा करून आम्हाला वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतेय कारण पुष्कळ शाळांत हेच होतं, पाच मिनिटांत भांडण मिटलं असं मोठ्यांना वाटतं आणि दुसऱ्या दिवशी "बाईंची चमची" म्हणून नवीन त्रास चालू होतो.

बाईंनी मनावर घेतलं नाही तर मुख्याध्यापक आहेत, तक्रारपेटी आहे. शिवाय आपल्या राज्यात २०२२ पासून शाळाशाळांत सखी सावित्री समिती करायची असा सरकारी निर्णय आहे, त्यात शिक्षिका, पालक असतात आणि मुलींना शाळेत सुरक्षित वाटावं हेच तिचं काम. तुझ्या शाळेतल्या समितीत कोण आहे ते आईला विचारायला लाव. त्या समितीला ज्यांचं नाव आहे त्या सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यात आहे, निदान सातारच्या शाळांनी तरी ती नुसती कागदावर ठेवू नये. आणि शाळेत नाही, घरी नाही, कुठेच बोलता येत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगूच नये असा विचार एकदा जरी डोक्यात आला तर त्याच दिवशी कुणा तरी मोठ्या माणसाला सांगायचं, १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तसं असेल. तसंच कुणी तुमचा फोटो एडिट करून फिरवला, घाणेरडं काही पाठवलं, तर तो गुन्हा आहे, तिथे मुलींनी एकटीने काही मिटवत बसू नये, पुरावा ठेवून मोठ्यांना घेऊन सायबर पोलिसांकडे जावं.

शाळा बदलायचं म्हणतेस तर मी नाही म्हणणार नाही. कधी कधी तेच बरोबर असतं. पण वर्षाच्या मध्ये, दहावी तोंडावर असताना, घाईत नको. आधी बाईंना दोन महिने देऊन बघ, काहीच हललं नाही तर एप्रिलमध्ये आईबरोबर बसून ठरव. तोपर्यंत रोजचे दिवस कसे काढायचे? "व्हय व्हय" चालू झालं की खुलासा देऊ नकोस, शहरी बोलायचा आटापिटाही नको, "व्हय, गावची हाय मी" म्हण आणि आपल्या कामाला लाग. तुझ्या शाळेतल्या कितीतरी मुली तुझ्यासारख्याच अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास दाखवून एसटीतून उतरतात, त्यांच्याही घरात हीच भाषा आहे. चौघींच्या जुन्या ग्रुपवर टोमण्याचं स्टेटस टाकू नकोस, रागाने बाहेर पडू नकोस, नुसता म्यूट कर. आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे डबा घेऊन जाणं उद्यापासून बंद. लायब्ररीत जा, मैदानावर जा, ज्या दोघी-तिघी नुसत्या शांतपणे जेवत असतात त्यांच्याजवळ जाऊन "बसू का" विचार. पहिल्या दिवशी लाज वाटेल.

त्या एसटीतल्या मुलीबद्दल तू पत्राच्या शेवटी, अगदी बारीक अक्षरात लिहिलंयस. बरं झालं लिहिलंस. तुला आता वाटत असेल की ती पण एकटी, मी पण एकटी, तिच्याशी मैत्री करावी. थांब जरा. आपल्याला कुणी उरलं नाही म्हणून तिच्याकडे गेलीस तर ते तिला लगेच कळेल. आधी फक्त माफी माग, एसटीत, बाकीच्या नसताना: "गेल्या वर्षी तुझ्या वेण्यांवरून चिडवलं तेव्हा मी हसले होते, ते चुकलं माझं." आणि गप्प बस. ती कदाचित खिडकीकडे तोंड करेल, करू दे, तिचा हक्क आहे तो. मैत्री होईल न होईल, ते तिने ठरवायचं.

तुझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलींपैकी कुणी हे वाचत असेल, ज्या त्रास देत नाहीत पण बघतात, त्यांच्यासाठी एक. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ साली छापून आला, त्यात दिसलं की दुसरं एखादं मूल मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के वेळा, त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडायचं म्हणजे भांडायचं असं नाही गं. डब्याचं झाकण उघडत "ए, इकडे ये, ठेच्याला कुणी नाहीये" एवढं म्हटलं तरी झालं.

आता सहल. जा. न जाण्याने त्या तिघींना काही फरक पडणार नाही, तुझी मात्र सहल जाईल आणि नंतर आठवडाभर फोटो बघत बसशील. फक्त बसमध्ये चढल्यावर जागा शोधत उभी राहू नकोस, तेच सगळ्यात वाईट असतं. आठ दिवस आधीच वर्गातल्या कुणा एकीला, मैत्रीण नसली तरी चालेल, विचारून ठेव, "सहलीला माझ्याजवळ बसशील का?" आणि कुणीच हो म्हणालं नाही तर बाईंच्या मागच्या सीटवर बस, तसं आधीच बाईंना सांगून ठेव. पैसे भरायची तारीख तू लिहिली नाहीस. निघून गेली नसेल तर उद्याच भर.